सभामंडपातील एक प्रश्न

आमच्या गावाच्या वेशीबाहेर, नदीच्या घाटाला लागून असलेल्या महादेवाच्या जुन्या देवळात, दिवेलागणीची वेळ झाली म्हणजे सभामंडपाच्या दगडी छतातील फटींतून लहान लहान वटवाघळे एकामागून एक सुटत, आणि खांबांच्या, लोंबत्या घंटांच्या साखळ्यांच्या व दर्शनाला आलेल्या माणसांच्या मधून अशा काही वेगाने फेऱ्या घालीत, की पाहणारा आपोआप अंग चोरून घेई. परंतु त्या अवघ्या धावपळीत त्यांच्यापैकी एकाचाही धक्का एखाद्या घंटेला लागून तिचा नाद उमटला, असे एकदाही घडल्याचे मला स्मरत नाही. देवळाचे गुरव सांगत, की त्यांना काळोखात दिसते. शाळेतले गुरुजी सांगत, की ती आंधळी असतात. दोघेही वडीलधारे, दोघांपैकी कोणाचाही शब्द खोटा म्हणण्याचे माझे वय नव्हते, आणि म्हणून त्या दोन परस्परविरुद्ध जबान्या शेजारीशेजारी ठेवून हा मामला मी मनातल्या मनात कित्येक वर्षे तहकूब ठेवला होता.

पुढे शिक्षणासाठी शहरात राहत असताना, ग्रंथालयात भलतेच पुस्तक चाळता चाळता, नेमका हाच प्रश्न इटलीतील लाझारो स्पालांझानी नावाच्या एका धर्मोपदेशकाला १७९३ साली पडला होता आणि त्याने तो तहकूब न ठेवता तडीस लावण्याचा निर्धार केला होता, असे माझ्या वाचनात आले. त्या दुपारी मला जो आनंद झाला, त्यासारखे आनंद आयुष्यात फार थोडे वाट्याला आले. उत्तर मिळाल्याचे समाधान त्यात होतेच. परंतु त्याहून मोठी गोष्ट ही होती, की आपण लहानपणी ज्याकडे नुसते मान वर करून पाहिले, त्याच दृश्यापुढे दुसरा एक मनुष्य दूरदेशी, दूरच्या काळी रात्रीच्या रात्री जागत बसला होता. वन्य प्राण्यांविषयीची आश्चर्यकारक माहिती पुष्कळांना आवडते, आणि ती आवडते म्हणून ती सुटी सुटी, वेचलेल्या गारगोट्यांसारखी, हातात ठेवण्याची रीतही पडली आहे. मला मात्र असे वाटते, की कोणताही नवलाचा दाखला तो कसा हाती लागला त्या हकिकतीपासून तोडला, की त्यातील अर्धा जीव निघून जातो. म्हणून या प्रकरणात गोष्टी थोड्याच सांगणार आहे. पण त्या मुळापासून सांगणार आहे.

स्पालांझानी हा पाव्हिया येथील विद्यापीठात निसर्गशास्त्राचा अध्यापक होता. त्याने पाळलेले एक घुबड खोलीतील मेणबत्ती विझली म्हणजे भिंतींवर आपटे. त्याच खोलीत, त्याच काळोखात सोडलेली वटवाघळे मात्र निर्वेधपणे फिरत राहत. घुबड हे तर निशाचरांचे मुकुटमणी; त्याची दृष्टी जेथे थकते तेथे वटवाघळाची टिकते, हे त्याला पटेना. तेव्हा त्याने वटवाघळांचे डोळेच निकामी केले. आजच्या वाचकाला हे वाचताना वेदना होते, मलाही झाली, आणि ती व्हावी हेच योग्य; परंतु हकिकत सांगायची तर हा भाग गाळता येत नाही. दृष्टी गेलेली ती वटवाघळे खोलीत टांगलेल्या दोऱ्यांमधून पूर्वीइतक्याच सफाईने उडाली. इतकेच नव्हे, तर अशी दृष्टिहीन केलेली काही वटवाघळे बाहेर सोडून दिल्यावर काही दिवसांनी स्पालांझानी पहाटेच्या वेळी पाव्हियाच्या मोठ्या चर्चच्या घंटाघरात चढला, त्यांतील थोडी पुन्हा पकडली आणि त्यांची जठरे तपासली, तो ती डोळस वटवाघळांच्या जठरांप्रमाणेच कीटकांनी गच्च भरलेली आढळली. डोळ्यांवाचून ती केवळ भिंती चुकवीत होती असे नव्हे. रात्रीच्या आकाशात, उडत्या किड्यांचा पाठलाग करून, ती आपला उदरनिर्वाह करीत होती.

मग स्पर्शाने हे घडते काय, म्हणून त्याने त्यांच्या अंगाला रोगण फासून पाहिले. त्यांच्या उड्डाणात फरक पडला नाही. घ्राण आणि रुची यांचीही तशीच चौकशी झाली. अखेरीस जिनिव्हा येथील लुई ज्यूरिन या शस्त्रवैद्याने वटवाघळांच्या कानांत मेण भरले, आणि तोवर अढळ राहिलेले ते कौशल्य एका क्षणात ढासळले: डोळे उघडे असूनही ती समोर येईल त्यावर आदळू लागली. स्पालांझानीचा यावर प्रथम विश्वास बसला नाही. म्हणून त्याने स्वतः हा प्रयोग करून पाहिला, आणि तो करताना जी दक्षता घेतली ती पाहून मला या मनुष्याविषयी नितांत आदर वाटतो. कान बुजविल्यामुळे होणाऱ्या त्रासानेच तर ती गोंधळत नसतील ना, ही शंका मनात ठेवून त्याने पितळेच्या अतिसूक्ष्म नळ्या करविल्या आणि त्या त्यांच्या कानांत बसविल्या. नळ्या उघड्या असताना वटवाघळे सुखाने उडाली. त्याच नळ्या बुजविल्या तेव्हा ती आदळली. त्रास दोन्ही वेळी सारखाच. फरक काय तो ऐकू येण्या न येण्याचा. एखाद्या चोख न्यायाधीशानेही पुराव्याची याहून अधिक काटेकोर शहानिशा केली नसती.

आणि तरीही फैसला त्याच्या बाजूने लागला नाही. कारण वटवाघळे उडताना आवाज करीत नाहीत, हे तर सर्वांना ठाऊक होते. मग ऐकायचे काय? फ्रान्समधील थोर शरीररचनाशास्त्रज्ञ क्यूव्हिए याने १७९५ साली, स्वतः एकही प्रयोग न करता, हा सगळा पंखांच्या स्पर्शज्ञानाचा खेळ आहे असे प्रतिपादन केले, आणि त्याच्या नावाचा दरारा एवढा, की पितळी नळ्यांचा पुरावा दप्तरात पडून राहिला. वटवाघळे जर कानांनी पाहतात तर डोळ्यांनी ऐकतात काय, असा उपहासही एका इंग्रज निसर्गाभ्यासकाने करून घेतला. स्पालांझानी १७९९ साली निवर्तला. आपण जे सिद्ध केले ते बरोबर होते, हे त्याला कोणी सांगितले नाही. सांगू शकेल असा मनुष्य अद्याप जन्माला यावयाचा होता.

तो जन्मला १९१५ साली, अमेरिकेत. डोनाल्ड ग्रिफिन हा हार्वर्ड विद्यापीठात विद्यार्थी असताना, तेथील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक जी. डब्ल्यू. पिअर्स यांनी कीटकांचे सूक्ष्म नाद टिपण्यासाठी एक यंत्र तयार केले आहे, असे त्याच्या कानावर आले. मनुष्याचा कान फार झाले तर सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकतो. त्यापलीकडच्या ध्वनीला हे यंत्र आपल्या आवाक्यात आणून बसवी. इंग्लंडमधील हार्ट्रिज या शरीरशास्त्रज्ञाने १९२० सालीच, वटवाघळे अतिउच्च स्वरांचा उपयोग करीत असावीत असा तर्क मांडला होता. पण तर्काला साक्षीदार नव्हता. १९३८ साली ग्रिफिन पिंजराभर वटवाघळे घेऊन पिअर्स यांच्या प्रयोगशाळेत गेला, ती यंत्रापुढे धरली, आणि त्या निःशब्द समजल्या गेलेल्या जिवांनी यंत्रातून एकच कल्लोळ उसळविला.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. हीच वटवाघळे खोलीत मोकळी सोडली तेव्हा यंत्राने फारसे काही टिपले नाही, आणि म्हणून या गुरुशिष्यांनी आपल्या पहिल्या निबंधात, हे आवाज मार्ग शोधण्यासाठीच असतात असा निष्कर्ष काढण्याचे टाळले. खरी अडचण एवढीच होती, की त्या यंत्राला नेमक्या समोरून आलेलाच ध्वनी नीट पकडता येई. पुढे रॉबर्ट गॅलम्बॉस या सहाध्यायाबरोबर ग्रिफिनने कान बुजवून, नंतर तोंड बांधून, टांगत्या तारांच्या मधून वटवाघळे उडवून पाहिली. कान बुजविले तरी ती आदळत, तोंड बांधले तरीही आदळत. अर्थ स्पष्ट झाला. वटवाघूळ ओरडते, त्या ओरडण्याचा प्रतिध्वनी तारेवरून, भिंतीवरून, किड्याच्या पंखावरून परत येतो, आणि त्या परतलेल्या ध्वनीवरून समोरच्या वस्तूचे अंतर, दिशा आणि जात ते ओळखते. गॅलम्बॉसने हे एका विद्वत्सभेत सांगितले तेव्हा एका नामांकित शरीरशास्त्रज्ञाने, आपण हे खरोखरीच म्हणत आहात काय, असे विचारीत त्याचे खांदे धरून त्याला हलविले, अशी आठवण ग्रिफिनने नमूद करून ठेवली आहे. पाव्हियाचा खटला जवळजवळ दीडशे वर्षांनी निकाली निघाला, आणि फिर्यादीच्या सर्व मुद्द्यांसह निघाला.

एकदा हे दार उघडल्यावर आत जे दिसले, ते तर पहिल्या आश्चर्याहूनही अद्भुत होते. साधारण फेरफटका मारताना कीटकभक्षी वटवाघूळ सेकंदाला दहा-बारा हाका देते. किडा समोर आला, की त्या हाका वाढत वाढत झडप घालण्याच्या क्षणी सेकंदाला दोनशेच्या घरात जातात. हे ओरडणे मुळीच क्षीण नसते. पुष्कळ जातींमध्ये त्याची तीव्रता तोंडाजवळ शंभर डेसिबलच्याही वर जाते, म्हणजे तो स्वर आपल्या कानांच्या टप्प्यात असता तर संध्याकाळी देवळात उभे राहणे अशक्य झाले असते. मग एवढ्या मोठ्या आरोळीने त्याचे स्वतःचे कान कसे बधिर होत नाहीत, आणि लगेच येणारा तो तलम प्रतिध्वनी त्याला ऐकू तरी कसा येतो? तर प्रत्येक हाकेच्या किंचित आधी त्याच्या मध्यकर्णातील एक चिमुकला स्नायू आकसून कान मंद करतो आणि हाक संपताच सैल होऊन तो पुन्हा तीक्ष्ण करतो. हे एका सेकंदात कितीदा होत असेल, याचा हिशेब वाचकाने वरच्या आकड्यांवरून स्वतःच करून पाहावा.

जाता जाता माझ्या गुरवांना आणि गुरुजींना न्याय देणे प्राप्त आहे. वटवाघूळ आंधळे नसते. वटवाघळाची एकही जात आंधळी नाही. गावाबाहेरच्या वडावर किंवा पिंपळावर दिवसा उलटी लोंबणारी, फळे खाणारी, हात-दीड हात पंखांची जी मोठी वाघळे आपण पाहतो, ती तर प्रतिध्वनीच्या भानगडीत मुळीच पडत नाहीत. ती आपल्या मोठ्या डोळ्यांनी पाहतात आणि नाकाने फळाचा माग काढतात. फलाहारी वटवाघळांपैकी गुहेत राहणारे एक कुळ मात्र जिभेने टिचक्या वाजवून काळोखात वाट काढते, आणि त्या कुळातील वटवाघळांची वस्ती आपल्या महाबळेश्वरच्या एका गुहेत आहे. म्हणजे गुरव वाघळांविषयी बोलत होते असे धरले तर ते बरोबर होते.

ज्ञानाने विस्मयाचा नाश होतो, इंद्रधनुष्याचे गणित समजले म्हणजे इंद्रधनुष्य उरत नाही, असे म्हणणारे रसिक आपल्यात पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या रसिकतेविषयी मला संशय नाही. परंतु प्राणिसृष्टीपुरते तरी मला याच्या अगदी उलट अनुभवास आले आहे. कॅथरिन पेन या विदुषीने आधी देवमाशांच्या गीतांचा अभ्यास केला होता. १९८४ साली अमेरिकेतील पोर्टलंड येथील प्राणिसंग्रहालयात हत्तींच्या सान्निध्यात काही दिवस बसली असता तिला हवेत वारंवार एक अस्पष्ट कंप जाणवला. आवाज नव्हे, नुसती धडधड. परतीच्या प्रवासात तिला एकाएकी आठवले, की लहानपणी प्रार्थनामंदिरातील गायकवृंदात ती ऑर्गनच्या भल्यामोठ्या नळीजवळ उभी राहत असे, आणि सुरावट खाली खाली उतरत अखेर ऐकू येईनाशी झाली, की अगदी अशीच धडधड छातीला जाणवे. ध्वनिमुद्रणाची सामग्री घेऊन ती परत गेली, ध्वनिफीत वेग वाढवून ऐकली, आणि शांत उभे असलेले हत्ती एकमेकांशी बोलत होते असे निष्पन्न झाले. सेकंदाला वीस कंपनांच्या आसपास व त्याखाली उतरणारा हा मंद्र स्वर कित्येक किलोमीटर दूर पोहोचतो. दृष्टीआड, कोसाकोसांवर पांगलेली हत्तींची कुटुंबे एकाच वेळी दिशा कशी बदलतात, हे आफ्रिकेतील निरीक्षकांचे जुने कोडे त्यामुळे उलगडले. एका बाजूला आपल्या कानांच्या वर वटवाघूळ ओरडते आहे, दुसऱ्या बाजूला आपल्या कानांच्या खाली हत्ती गुणगुणतो आहे, आणि मधल्या अरुंद पट्टीत बसून आपण म्हणतो, की रान किती शांत आहे! हे समजल्यावर रान लहान झाले असे कोणाला वाटेल?

आता दूर न जाता आपल्या अंगणातील एक दाखला घेऊ. सुगरण पक्ष्याचे विहिरीवर झुलणारे घरटे कोणत्या मराठी मनुष्याने पाहिलेले नाही? बहिणाबाईंच्या ओव्यांनी तर ते घराघरात नेऊन पोहोचविले. आपण या पक्ष्याला नावही गृहिणीचे दिले, आणि त्या विणकामाचे सारे श्रेय आपल्या भाषेने मोठ्या ममतेने मादीच्या पदरात घातले. वस्तुस्थिती अशी आहे, की विणणारा नर असतो. १९३० साली अलिबागजवळच्या किहीम येथे, हाताला नोकरी नसताना मिळालेल्या सक्तीच्या फुरसतीत, सालिम अली यांनी या पक्ष्यांच्या वसाहतीपुढे आडोशाला बसून महिनेच्या महिने टिपणे केली. त्यांना दिसले ते असे: नर घरटे निम्म्यापर्यंत विणून थांबतो, माद्यांचा घोळका येतो, आत शिरून, ओढून, टोचून प्रत्येक घरट्याची तपासणी करतो, एखादीला जागा पसंत पडली तर ती तेथेच ठाण मांडते आणि मगच नर ती लांब नळीसारखी वाट विणून काम पुरे करतो. मादी अंड्यांवर बसली, की हा कारागीर जवळच दुसऱ्या घरट्याचा पाया घालतो, आणि दुसरी पसंती मिळाली तर तिसऱ्याचा. मुंबईच्या निसर्गेतिहास संस्थेच्या नियतकालिकात हे निरीक्षण प्रसिद्ध झाले, तोपर्यंत शेकडो वर्षे ते घरटे लोकांच्या डोळ्यांपुढे झुलत होते.

या घरट्याच्या आत ओल्या मातीचे गोळे चिकटविलेले आढळतात. त्यांत सुगरण काजवे खोवून रात्री उजेड करते, अशी समजूत आपल्याकडे फार जुनी आहे, आणि ती इतकी सुंदर आहे की मोडताना जड वाटते. परंतु काजव्यांचा दिवा कोणी पाहिलेला नाही; मातीच्या वजनाने अपुरे घरटे वाऱ्यात स्थिर राहत असावे, असे जाणकार मानतात. मुलांना सांगताना मी दोन्ही सांगतो, पण कोणते कशाच्या आधारावर, हेही सांगतो; आणि माझा अनुभव असा, की वाऱ्यावर झुलणाऱ्या वस्तूला वजन लावून आवरणाऱ्या पक्ष्याचे नवल मुलांना काजव्यांपेक्षा कमी वाटत नाही.

ऐकूनही न ऐकण्याची एक हकिकत मात्र मनाला लागून राहते. ऑस्ट्रेलियातील प्लॅटिपस या बदकतोंड्या, केसाळ, जलचर प्राण्याचे कातडे १७९८ साली प्रथम इंग्लंडला रवाना झाले आणि जॉर्ज शॉ याने पुढच्याच वर्षी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा कोणी लबाडाने बदकाची चोच शिवून आपल्याला फसविले तर नाही ना, अशी शंका त्याला आली. आणि ती येणे क्षम्य होते. पिलांना दूध पाजणारा हा प्राणी अंडी घालतो की नाही, यावर युरोपातील पंडितांचा वाद पुढे ऐंशी वर्षांहून अधिक काळ चालला, आणि १८८४ साली विल्यम कॉल्डवेल याने तारेने खबर धाडली तेव्हा तो मिटला. ज्यांच्या नद्यांच्या काठी हा प्राणी बिळे करून राहत होता ते तेथील मूळ रहिवासी, तो अंडी घालतो असे पहिल्यापासून सांगत होते. त्यांची जबानी कोणी नोंदवून घेतली नाही असे नाही; नोंदवली गेली, पण ग्राह्य धरली गेली नाही. शिवाय कॉल्डवेलचे संशोधन ज्यांच्या हातांनी पार पडले, ते रानोमाळ हिंडून हे प्राणी धरून आणणारे लोकही तेच. क्यूव्हिएच्या दराऱ्यापुढे पितळी नळ्यांचे जे झाले, तेच येथे एका संबंध लोकसमूहाच्या शब्दाचे झाले.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस पुष्कळ वर्षांनी त्या देवळात गेलो होतो. गुरवांचा नातू आता पूजा करतो. दिवे लागले, छतातून वटवाघळे सुटली, आणि मी खांबाला टेकून बसलो. घंटा स्थिर होत्या, नदीचा आवाज तेवढा येत होता, आणि एरवी ज्याला मी शांतता म्हटले असते तिच्यात आता डोक्यावरून सेकंदाला शेकडो हाका जात आहेत हे मला ठाऊक होते. समईभोवती एक करड्या रंगाचा पतंग घिरट्या घालीत होता. या निशाचर पतंगांपैकी पुष्कळांना छातीच्या दोन बाजूंना दोन कान असतात, आणि त्यांतील कित्येकांच्या एकेका कानात ऐकणाऱ्या पेशी केवळ दोन असतात. वटवाघळाची हाक दुरून आली तर पतंग तोंड फिरवून निघून जातो, अगदी जवळून आली तर पंख मिटून जमिनीकडे झेपावतो. मी पाहत होतो तोच एक सावली समईवरून सरकली, आणि तो पतंग, त्याला कोणी हात लावलेला नसताना, गोटीसारखा खाली पडला. शेजारी बसलेल्या पोराने विचारले, "आजोबा, मेला का तो?" आम्ही दोघे वाकून फरशीकडे पाहू लागलो. थोड्या वेळाने पतंगाने पंख हलविले, आणि तो भिंतीच्या कडेकडेने काळोखात चालत गेला.